लिलावातले घर आणि न वाचलेली अट

बँकेने जप्त केलेले घर लिलावात स्वस्त पडते, हा समज आता सीमाभागातल्या खेड्यापाड्यांतही चांगलाच रुजला आहे. पूर्वी कर्ज बुडवणाऱ्याच्या घराकडे गावकरी वाकड्या नजरेने पाहत, ‘तळतळाटाचे घर’ म्हणून कोणी हात लावीत नसे. आज तसे राहिलेले नाही. सैन्यातून निवृत्त झालेला जवान, गोव्यात वीस वर्षे राबून आलेला सुतार, मुलांच्या शिक्षणासाठी बेळगावात बिऱ्हाड हलवू पाहणारा शिक्षक, असे सारे लिलावाच्या जाहिराती शोधू लागले आहेत. त्यात वावगे काहीच नाही. शहरातल्या घरांचे भाव सामान्याच्या आवाक्याबाहेर गेले असता दुसरी वाट शोधणारच. प्रश्न आहे तो या वाटेवर पेरलेल्या अटींचा आणि त्या अटी ज्या भाषेत लिहिल्या जातात त्या भाषेचा.

थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. तारण मालमत्ता न्यायालयात न जाता थेट विकण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याने दिला. थकबाकीदाराला साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग जाहीर लिलाव, असा क्रम. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे. घर, दुकान, बिगरशेती प्लॉट मात्र त्यात येतात. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही, यावर बरीच वर्षे वाद चालला. तो मिटला ५ मे २०२० रोजी, आणि मिटवणारे प्रकरण आपल्या अगदी शेजारच्या, कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सहकारी बँकांनाही हा अधिकार असल्याचे सांगितले. तेव्हापासून राष्ट्रीयीकृत बँकेपासून सहकारी बँकेपर्यंत सर्वांच्या हाती हे एकच हत्यार आहे.

आता अटींकडे वळू. लिलावात घर घेणारा बहुतेक माणूस असे समजतो की, बँक विकते आहे म्हणजे कागद स्वच्छच असणार. बँकेने कर्ज देताना वकिलाकडून तपासून घेतलेच असेल ना! पण बँक विकते ते कर्जदाराचे जेवढे हक्क होते तेवढेच. कर्जदाराच्या हक्काला जर ‘इतकी वर्षे विकता येणार नाही’, ‘अमक्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येणार नाही’ असा फास असेल, तर तो फास घराबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात येतो. जाहिरातीत छापलेले ‘जेथे आहे, जसे आहे, जे काही आहे’ हे शब्द शोभेसाठी नसतात. त्यांचा अर्थ असा की, पुढे काही निघाले तर ते तुमचे.

कर्नाटकात हे फास कोणकोणते? पहिला, विकास प्राधिकरणाच्या प्लॉटचा. प्राधिकरण प्लॉट देते तेव्हा अनेकदा लगेच खरेदीखत करून देत नाही. आधी ‘लीज-कम-सेल’ करार होतो. बेंगळुरू विकास प्राधिकरणाच्या १९८४ च्या नियमांत ही मुदत दहा वर्षांची आहे आणि राज्यातल्या इतर शहरांची प्राधिकरणेही याच धर्तीवर चालतात. या मुदतीत प्लॉटधारक हा मालक नसून भाडेकरूच असतो. परवानगी घेऊन तो प्लॉट तारण ठेवू शकतो, घर बांधू शकतो. पण कर्ज थकले आणि बँकेने ते घर लिलावात काढले, तर घेणारा बसतो तो त्या भाडेकरूच्या जागेवर. उरलेली वर्षे, उरलेल्या अटी, प्राधिकरणाची उरलेली देणी, सारे त्याच्या माथी. मुलीच्या लग्नाला पैसे लागले म्हणून तीन वर्षांनी विकायला निघालात, तर तेव्हा कळते की अजून घर पुरते आपलेच झालेले नाही.

दुसरा फास अधिक कडक आहे आणि त्याबद्दल आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेल्या जमिनी परवानगीशिवाय हस्तांतरित करण्यास १९७८ च्या कर्नाटक कायद्याने बंदी आहे. अशी विक्री रद्द होते, जमीन मूळ कुटुंबाला परत जाते. हा कायदा चांगला आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तो उचलूनही धरला. दारूच्या बाटलीवर आणि उसनवारीच्या चार पैशांवर दलितांच्या जमिनी कशा लाटल्या गेल्या, हे आपल्या भागातल्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. पण परिणाम पाहा. अशी जमीन कोणी तीस वर्षांपूर्वी परवानगीविना घेतली, बिगरशेती करून प्लॉट पाडले, एका प्लॉटवर दुसऱ्याने घर बांधले, तिसऱ्याने ते घेऊन बँकेत ठेवले आणि कर्ज बुडवले. लिलावात घेणारा तुम्ही चौथे. मूळ व्यवहारच रद्दबातल असेल, तर बँकेच्या तारणाला तरी पाया कुठून येणार? ‘फार वर्षे झाली’ हा बचाव काही काळ न्यायालयांत चालत होता. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने वाजवी मुदतीत अर्ज हवा, असे म्हटले होते. मात्र २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने कायद्यात दुरुस्ती करून मुदतीचे बंधन लागू नाही, असे लिहून टाकले. म्हणजे आज जुनेपणाचा आधार धरणे धोक्याचे आहे. न्याय मूळ कुटुंबाला मिळालाच पाहिजे. फक्त त्याची किंमत चौथ्या नंबरच्या अजाण माणसाने आयुष्याच्या पुंजीतून का द्यावी, त्याला आधी सांगायला नको का, एवढाच आमचा सवाल आहे.

तिसरी भानगड ग्रामपंचायतीच्या हद्दीतली. शेतात पाडलेले, मंजुरी नसलेले प्लॉट बॉण्ड पेपरवर विकत घेऊन बांधलेली घरे बेळगावच्या आसपास किती आहेत ते आपण जाणतोच. ई-स्वत्तूचा नमुना ९ आणि ११ मिळत नाही तोवर उपनिबंधकाकडे पुढची खरेदी अडते. येथे अट कोणी लिहिलेली नाही, पण विकता येत नाही हे खरेच. शिवाय जुने वीजबिल. थकबाकी भरल्याविना जोडणी नाही असा नियम असेल तर ती लिलावात घेणाऱ्याकडूनही मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले आहे. तेव्हा हेस्कॉमच्या कार्यालयात एक चक्कर आधीच मारावी.

खासगी अटींचे मात्र इतके भय नको. एका खासगी माणसाने दुसऱ्याला विकताना ‘तू हे कधीच, कोणालाच विकायचे नाहीस’ असे लिहिले, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या दहाव्या कलमाने ती अट मुळातच निरर्थक ठरते. गृहनिर्माण सोसायटीच्या पोटनियमांची गोष्ट निराळी. ते सभासदाला बांधतात, हे अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात २००५ साली ठरले आहे.

आता भाषेचा मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. आपल्या गावांतला माणूस बाजारापुरते, बसपुरते कन्नड बोलतो. अनेक जण तर अस्खलित बोलतात. पण कचेरीतले कन्नड ही निराळीच चीज आहे, जशी कचेरीतली मराठी पुण्याच्या माणसालाही कळत नाही तशी. त्यातही दोन्ही भाषा शेजारणी असल्याने ओळखीचे शब्द भेटतात आणि घात करतात. ‘हराजु’ म्हणजे हर्रास, हे चटकन कळते. ‘स्वाधीन’ म्हणजे ताबा, तेही कळते. पण ‘साल’ म्हणजे वर्ष नव्हे, कर्ज. ‘अडमान’ म्हणजे गहाण. आणि सर्वांत घातक शब्द ‘परभारे’. हक्कपत्राच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, ही जागा इतकी वर्षे ‘परभारे माडतक्कद्दल्ल’. कन्नडात परभारे म्हणजे हस्तांतर, मग ते विक्रीने असो, बक्षीसपत्राने असो वा अदलाबदलीने. म्हणजे संपूर्ण मनाई. आपण मराठीत परभारे म्हणतो ते ‘परस्पर’, ‘न कळवता’ या अर्थाने. कोणी वाचून दाखवले तरी मराठी माणूस समजतो, ‘सरकारला न कळवता विकू नका’ एवढेच म्हटले आहे. कळवले की झाले! एका शब्दाच्या दोन घरांत दोन अर्थ, आणि मध्ये माणूस घराला मुकतो.

बँकेची जाहिरात कोणत्या भाषेत असावी, याबद्दल कायदा काय म्हणतो? सरफेसी कायद्याखालील २००२ च्या नियमांतला आठवा नियम सांगतो की, ताब्याची नोटीस आणि विक्रीची नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत द्यावी. त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे आणि त्या परिसरात त्याचा पुरेसा खप असावा. शब्द नीट पाहा. ‘राज्याच्या राजभाषेतले’ असे तिथे म्हटलेले नाही. निकष आहे तो परिसर आणि तिथला खप. ज्या गावात दहापैकी आठ घरांत मराठी दैनिक येते, तिथल्या घराचा लिलाव इंग्रजी आणि कन्नड पत्रांत छापून नियमाचे शब्द पाळले जातील, हेतू पाळला जात नाही. काही बँका मराठी दैनिकांत जाहिरात देतात, हे आम्ही मान्य करतो. पण तो त्यांचा चांगुलपणा झाला. मर्जी फिरली की बंद. (वृत्तपत्रवाल्यांना जाहिराती हव्यात म्हणून ते असे लिहितात, असे कोणी म्हणेल. खुशाल म्हणावे. जाहिरात दुसऱ्या मराठी दैनिकाला द्या, पण मराठीत द्या.)

येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे, नाहीतर आपली मागणी पहिल्याच फेरीत उडवून लावली जाईल. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ च्या केंद्राच्या ज्ञापनात आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत जी संरक्षणे ठरली, त्यांत पंधरा ते वीस टक्के अल्पभाषिक असलेल्या तालुक्यात वा नगरपालिकेत महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेत काढण्याची तरतूद आहे. घटनेच्या ३५० (ब) कलमाखालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्त तिच्यावर देखरेख करतात. ही तरतूद सरकारी कागदांची आहे, बँकेच्या जाहिरातीची नाही. बँकेकडे बोट दाखवताना आठवा नियम हाती धरायचा. आणि तहसीलदाराचे हक्कपत्र, प्राधिकरणाच्या वाटपाच्या अटी, ग्रामपंचायतीचे नमुने यांसाठी अल्पसंख्याक आयुक्तांकडे जायचे. आजवर आपण सर्व मागण्या एकाच निवेदनात कोंबून एकाच दारात नेऊन ठेवत आलो. त्या दारातून त्या एकत्रच परत आल्या.

कर्जदाराला निदान थोडे संरक्षण आहे. गृहकर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी कर्जदाराशी होणारा पत्रव्यवहार स्थानिक किंवा त्याला समजेल त्या भाषेत करावा, अशी रिझर्व्ह बँकेची आचारसंहिता आहे. लिलावात घेणारा मात्र कोणाचा कर्जदार नव्हे, म्हणून त्याला समजेल अशा भाषेत सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. जानेवारी २०२५ पासून सरकारी बँकांचे लिलाव ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर एकत्र आले. घरबसल्या बोली लावता येते. सोय झाली, पण सोबत घाईही आली.

ही घाई किती महागात पडते, ते हिशेबाने पाहू. समजा, घर चोवीस लाखांना सुटले. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, अनामतीसह पंचवीस टक्के म्हणजे सहा लाख भरायचे. विक्री मंजूर झाल्यापासून पंधरा दिवसांत उरलेले अठरा लाख. लेखी कबुलीने मुदत वाढली तरी तीन महिन्यांच्या वर नाही. आता या पंधरा दिवसांत कोणी जाणत्याने कागद वाचून अट सांगितली आणि तुम्ही पाय मागे घेतला, तर सहा लाख जप्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जप्तीच्या नियमावर शिक्कामोर्तब केले आहे. बँकेचे नुकसान किती झाले हे मोजत बसण्याची गरज नाही. सहा लाख म्हणजे एखाद्या सुभेदाराच्या निवृत्तीच्या पैशांतला केवढा वाटा, हे आपल्या गावांतून घरोघरी ठाऊक आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. बँकेला ठाऊक असलेले बोजे नोटिशीत नमूद करणे याच नियमांनी बंधनकारक आहे. हरियाणातल्या एका वित्त महामंडळाने कारखाना विकताना त्याला स्वतंत्र वाट नाही हे सांगितले नाही, तेव्हा २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने अनामत जप्त करू दिली नाही. म्हणून बोली लावण्याआधी प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारावे: या मिळकतीवर विक्रीची काही बंदी आहे काय? उत्तर मिळाले तर उत्तम. टाळाटाळ झाली तर ती पोहोच पुढे न्यायाधिकरणात कामी येते. हा अर्ज मराठीत लिहिला तरी चालेल, सोबत इंग्रजी प्रत जोडावी. येथे भाषाभिमानापेक्षा पोहोच महत्त्वाची.

आणखी एक समज पुष्कळांना गोत्यात आणतो. ‘ई.सी. काढली, निरंक आली, म्हणजे मिळकत स्वच्छ.’ ई.सी. म्हणजे ऋणभार प्रमाणपत्र. त्यात दिसते ते उपनिबंधकाकडे नोंदवलेले दस्त. सरकारने जमीन मंजूर केल्याचा आदेश नोंदणीच्या सक्तीतून १९०८ च्या नोंदणी कायद्यानेच वगळलेला आहे. मग ‘परभारे’ मनाई ज्या कागदावर आहे तोच कागद ई.सी.त येणार कसा? तेरा वर्षांची काढा नाहीतर तीस वर्षांची. ती अट सापडते पहाणीपत्रकाच्या ‘इतर हक्क व ऋण’ या रकान्यात, फेरफाराच्या जुन्या नोंदीत, तहसीलदार कचेरीतल्या मंजुरीच्या फायलीत किंवा प्राधिकरणाच्या वाटपपत्रात. म्हणजे पुन्हा कन्नड कागदांतच.

पलीकडे चंदगड, गडहिंग्लजकडे आपले पाहुणेरावळे आहेत. त्यांच्या सात-बारावर ‘भोगवटादार वर्ग-२’ एवढे तीन शब्द दिसले की शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूसही थबकतो; ही जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, नजराणा भरावा लागतो, हे त्याला ठाऊक असते. महाराष्ट्राचा कायदा काही दयाळू नाही. म्हाडाचे घर पाच वर्षे विकता येत नाही, तिथेही लोक फसतातच. पण तिथे फसणारा निदान वाचून फसतो! गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा असूनही सर्व वा कोणत्याही सरकारी कामासाठी मराठी वापरण्याची मुभा ठेवली आहे. तिथली मराठी त्या मुभेचा उपयोग किती करते, हा वेगळा विषय.

कन्नड शिका, प्रश्न मिटेल, असे आम्हाला वारंवार सुनावले जाते. आमची मुले शाळेत कन्नड शिकतातच, आणि शिकावीही. पण घर घेणारा आज पंचावन्न वर्षांचा आहे. लिलावाची मुदत तीस दिवसांची. तीस दिवसांत कोणी कचेरीचे कन्नड शिकत नाही. १९५६ पूर्वीची खरेदीखते आपल्या कित्येक घरांच्या पेट्यांत मराठीत, काही मोडीत आहेत; त्या कागदांवर कोण्या आजोबाला दुभाष्या लागला नव्हता. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. तोवर माणसे घरे घेणार, विकणार, मुलांची लग्ने करणार.

आता थोडे आपल्याच घराकडे. मराठी माणसांनी काढलेल्या, मराठी संचालकांनी चालवलेल्या सहकारी बँका आणि पतसंस्था या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांच्या वार्षिक सभेत भाषणे मराठीत, अहवाल मराठीत, गणपतीला देणगी मराठी मंडळाला. तारणाचे घर विकायची वेळ आली की जाहिरातीच्या अटी मात्र इंग्रजीत, कारण वकिलाकडे नमुना इंग्रजीत तयार असतो. त्यांना मराठीत लिहायला कोणत्या सरकारने अडवले आहे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्याच आठवड्यात एखाद्या संस्थेने विक्रीच्या अटींचे एक पान मराठीत छापले असते, तर ते आम्हाला पेढ्यांहून गोड लागले असते.

गावोगावच्या युवक मंडळांनी आणि वाचनालयांनी एक काम सहज हाती घेण्यासारखे आहे. कचेरीचे कन्नड जाणणारा एखादा निवृत्त तलाठी, पंचायत कारकून वा शिक्षक प्रत्येक मोठ्या गावात असतो. आठवड्यातून एक संध्याकाळ त्याला वाचनालयात बसवावे, लिलावाचे आणि मिळकतीचे कागद तेवढे वाचून अर्थ सांगण्यासाठी. वकिलाचा सल्ला वेगळा घ्यावाच लागेल. पण कागदात मनाईची ओळ आहे की नाही, एवढे बोलीच्या आधी कळले तरी सहा लाख वाचतात. आणि बँकांच्या विभागीय कचेऱ्यांकडे जाणाऱ्या निवेदनात तीनच गोष्टी असाव्यात: परिसरात खपणाऱ्या मराठी दैनिकात नोटीस, विक्रीवरच्या बंधनांसाठी नोटिशीत वेगळा रकाना, आणि मिळकत दाखवण्याच्या दिवशी मूळ वाटपपत्राची वा हक्कपत्राची प्रत मराठी भाषांतरासह टेबलावर. निवेदनावर आठव्या नियमाचा उल्लेख असावा आणि पोहोच घेतल्याविना कोणी जिना उतरू नये.